माझ्या रजेचा मालक

सरकारी कचेरीत मला वर्षाला मोजकी रजा मिळायची आणि ती सगळी मॉरिशसमधल्या शमें ग्रेनिए गावातल्या आमच्या घरच्या दुकानात जायची. जानेवारीत नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की सासरे लाल पेन्सिल घेऊन बसत. गणपतीच्या आधीचा आठवडा, वर्षअखेरची गर्दी, माल मोजायचे दिवस, सगळीकडे माझ्या रजेच्या खुणा. मला विचारायची पद्धतच नव्हती. नवराही सरकारी नोकर, पण त्याच्या रजेला ती पेन्सिल कधी लागली नाही. सून दुकानात उभी राहिली तर ती घरची लक्ष्मी, मुलगा उभा राहिला तर त्याची अब्रू जाणार. सुरुवातीची काही वर्षं मलाही या लक्ष्मीपणाचं कौतुक होतं, याचा आज जास्त राग येतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या सहा वर्षांच्या मुलीच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन ठरलं, नेमकं गणपतीच्या आधीच्या आठवड्यात. माझी तेवढीच रजा उरली होती. मी सांगितलं, या वेळी मी मुलीजवळ राहणार.

सासूबाई म्हणाल्या, "पन लाबुतिक कोन बगल? दुकानात लोकं नारळ, कापूर घ्यायला येतील. पोरीजवळ म्या बसते."

मुलगी माझा पदर धरून उभी होती. सासऱ्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरं, सोमवार घे. म्या दिला."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "बाबा, ही रजा सरकारनं मला दिलीय. तुम्ही कुठून देणार?" मग नवऱ्याकडे वळले. त्याची सगळी रजा शिल्लक होती. पुढे कधीतरी लागेल म्हणून जपलेली. "तुम्ही दुकानात उभे राहा," मी सांगितलं. तो बापाकडे बघत राहिला. मी पिशवी भरली आणि मुलीला घेऊन बस पकडली.

दुकानात त्याला उभं राहावंच लागलं. गिऱ्हाइकं विचारत होती म्हणे, "मादाम मालाद?" बायको आजारी असल्याशिवाय नवरा नारळ विकेल, हे गावाला पटत नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. मुलीला बोलता येत नव्हतं, पण ती माझं बोट सोडत नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा इस्पितळात आला. घामाघूम झालेला, शर्टाला नारळाच्या शेंड्या चिकटलेल्या. धावत आला म्हणून माझा जीव जरा निवला. मुलीनं हात पुढे केला.

खाटेशी उभा राहून तो मला म्हणाला, "कापराचा डबा कुठं ठेवलायस?"