चौसष्टचे बत्तीस

मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून घरी बसले होते, तेव्हा रत्नागिरीत कॉम्प्युटरचं काम देणारं एकच माणूस होतं. ते म्हणजे सर. जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून वीस वर्षं काढून ते कायमचे घरी आले होते आणि बाजारपेठेत एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी दोन यंत्रं मांडली होती.

गावातल्या एका ट्रस्टच्या क्षयरोग दवाखान्याचा जुना कॉम्प्युटर खाऱ्या हवेनं गंजून बंद पडला. कोणत्या पेशंटला कधी गोळ्या दिल्या, हे सगळं त्याच्यावर होतं. दर आठवड्याला त्यातून एक यादी छापून निघे. ज्यांनी गोळ्या न्यायला यायचं चुकवलं त्यांची नावं तिच्यात असत आणि ती घेऊन आरोग्यसेवक घरोघर जात. नवीन यंत्र आलं, पण त्याच्यावर जुना प्रोग्रॅम चालेना. मग सरांनी नव्या यंत्राच्या आत चालणारं एक खोटं यंत्र लिहिलं. ते जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करी. प्रोग्रॅमला पत्ताच लागत नसे की आपण दुसरीकडे आलो आहोत. आम्ही त्याला 'सोंग' म्हणायचो.

सोंगाच्या सेटिंगची पानं करायचं काम माझ्याकडे होतं. प्रिंटर कोणता, मेमरी किती, प्रती किती, असं एकाखाली एक. बाणानं ओळ निवडायची, अधिक-वजाच्या बटणानं आकडा बदलायचा.

"बाहेर पडताना काय बदललं ते दाखव," सर म्हणाले. "आधी काय होतं, आता काय झालं, आणि हो म्हटल्याशिवाय सोडू नको. जहाजावर वरून हुकूम आला की खालचा माणूस तो परत म्हणून दाखवतो. उगाच नाही ती पद्धत."

मी हो म्हटलं आणि केलं नाही. सगळं एका पानावर छान बसलं होतं, विचारणा घातली की पानं दोन होत होती. मला ते एक पान फार आवडलं होतं. बाहेर पडलं की आपोआप जपून ठेवलं जाईल असं मी केलं. सरांनी वरवर पाहिलं, चाललं.

पावसाळ्याच्या तोंडाशी दवाखान्यातल्या कारकुनानं कागद वाचवावा म्हणून दोनाऐवजी एक प्रत करायचं ठरवलं. त्यानं वजाचं बटण दाबलं तेव्हा निवड वरच्या ओळीवर, मेमरीवर होती. चौसष्टचे बत्तीस झाले. प्रती तशाच दिसल्या म्हणून तो एक ओळ खाली आला आणि त्यानं पुन्हा दाबलं. आता प्रत एक झाली. तो समाधानानं बाहेर पडला.

जुना प्रोग्रॅम मेमरीत मावतील तेवढी नावं घेई आणि बाकीची गुपचूप सोडून देई. यादी छापत राहिली, फक्त शेवटची गावं तिच्यात नव्हती. त्या भागाचा आरोग्यसेवक नवीन होता. त्याला वाटलं, आपल्याकडचे लोक शहाणे आहेत. भर पावसात डोंगर चढावा लागत नाही याचा त्याला आनंदच झाला असेल.

गणपती झाल्यावर मालगुंडकडच्या एका गावातून एका बाईला डोलीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून टेंपोत घालून आणलं. तोंडातून रक्त पडत होतं. दवाखान्यातल्या सिस्टरनी तिचं कार्ड काढलं, तर आषाढापासून कोरं. सिस्टर तीन महिन्यांच्या याद्या घेऊन आमच्या खोलीत आल्या.

"हिचं नाव एकातही नाही. का नाही?"

सरांनी सेटिंगचं पान उघडलं. बत्तीस दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सिस्टरकडे.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी डॉक्टरांना येऊन सांगतो."

पान मी केलं होतं हे मी सांगितलं नाही. मला वाटलं, आता बोलले तर त्यांना खोटं पाडल्यासारखं होईल. ते खरं कारण नव्हतं. मी घाबरले होते.

चौसष्ट केल्यावर नवी यादी निघाली. सुटलेली अकरा नावं होती. मी आरोग्यसेवकाबरोबर गावोगाव गेले. दहाजण सापडले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. अकरावं घर त्या बाईचंच होतं. तिची सासू पडवीत सुपारी सोलत होती. मुलगा मुंबईत, दोन नातवंडं अंगणात.

"पयला मानूस यायचा वो," ती म्हणाली. "मंग कोन आलाच नाय. आमाला वाटला, औषिद सपला. तिला बराय वाटत होता, भाताची लावनी केलान तिनी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू डाक्टरीन काय गो?"

"नाही. मी मशीनचं काम करते."

"बरा हाय," ती म्हणाली आणि मला पाणी दिलं.

दिवाळीच्या आधी चार दिवस ती बाई दवाखान्यात वारली.

मी विचारणेचं पान लिहिलं. दोन तास लागले. सर शेजारी उभे राहून वाचत होते. "ठीक," एवढंच म्हणाले. ते मला कधी रागावले नाहीत आणि त्यानंतर त्यांनी माझं कुठलंही काम स्वतः ओळ न् ओळ तपासल्याशिवाय बाहेरही जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या वर्षी मी डॉक्टरांकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तुमच्या सरांनी नाही सांगितलं. त्या कारकुनानं सांगितलं, पान कुणी केलं ते. बटण आपण दाबलं, या विचारानं तो बिचारा नोकरी सोडून गेला. तो जायच्या आत तुम्ही आला असतात तर बरं झालं असतं."

मी तिथून निघाले. त्या कारकुनाचा पत्ता मी दवाखान्यात दोनदा विचारला. कुणाला माहीत नव्हता.