फोनला कळेल अशी मराठी

आई शेगावला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. धामणगाव बढ्याला आमची पिठाची गिरणी होती. बाबा शेती-वावर बघायचे आणि गिरणी आई चालवायची. उभं आयुष्य तिनं त्या पट्ट्याच्या घरघरीत काढलं. बाबा गेले, गिरणी विकली आणि घरात शांतता झाली, तेव्हा आमच्या लक्षात आलं की तिचे कान गिरणीतच राहिले. कानाचं मशीन आणलं. पण भांडं पडलं तरी डोक्यात घण बसल्यासारखं वाटतं म्हणायची. थोड्या दिवसांनी तिनं ते डबीत ठेवलं ते ठेवलंच.

मी शिक्षिका. दिवसभर वर्गात घसा ताणायचा आणि घरी येऊन पुन्हा प्रत्येक वाक्य ओरडून सांगायचं. ‘चहा घेतेस का’ हे ओरडून विचारलं तर ते भांडणासारखं वाटतं. शेजारीण एकदा येऊन हळूच विचारून गेली, सगळं बरं आहे ना म्हणून. मग मी बोलणंच कमी केलं. जेव. गोळी घे. पंखा लावू का. आईशी माझं बोलणं एवढंच उरलं होतं. आणि ती, जिनं दळण टाकायला आलेल्या प्रत्येक बाईची खुशाली विचारल्याशिवाय डबा परत दिला नाही, ती खिडकीपाशी बसून रस्ता बघायची.

माझा भाऊ पुण्यात नोकरीला. त्याला दरवर्षी नवा फोन लागतो. माझ्या नवऱ्यालाही फोनचं वेड, पण कंपनी दुसरी. दिवाळीत दोघं एकत्र आले की त्यांचा तोच विषय. यावेळी भावाचा फोन मधोमध पुस्तकासारखा मिटत होता. आमच्या ह्यांच्या फोनमधून गच्चीवरून देवळाचा कळस हाताशी आल्यासारखा दिसत होता. भावाचं म्हणणं, लांबचं जवळ दिसणं ही आता जुनी गोष्ट, घडी होणं हे खरं नवीन. ह्यांचं म्हणणं, घडी करून काय खिशात पोळी ठेवायची आहे का. मी चकल्या तळत होते. ऐकून ऐकून मला त्या दोन्ही फोनांचा कंटाळा आला होता.

आई दोघांच्या मध्ये बसून एकदा ह्याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिनं मला विचारलं, हे दोघं कायचं बोलून राह्यले. मी तिथूनच ओरडले, “फोनचं!”

तिनं भावाच्या हातातला फोन निरखून बघितला. मग भावाला म्हणाली, “मंग त्याच्यात मले ऐकू येईन असं काही हाय का?”

टोमणा नव्हता तो. तिला खरंच विचारायचं होतं. भावाच्या मनात काहीतरी आलं असावं. तो फोनमध्ये बराच वेळ शोधत राहिला आणि मग म्हणाला की आपण बोलू ते हा लिहून दाखवतो. ह्यांनी लगेच आपल्याही फोनमध्ये तीच सोय शोधून काढली. दोन्ही फोन आईपुढे मांडले, अक्षरं मोठी केली आणि आईनं चष्मा लावला.

भाऊ म्हणाला, “आई, तुले चहा पाह्यजे का?”

एका फोननं लिहिलं, ‘आई फुले चहा पाहिजे का.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘आई पुले चहा.’ आई दोन्हीकडे बघून गोंधळली. आम्हाला हसू आलं. मग भावानं पुण्याच्या ऑफिसातला आवाज काढला आणि सावकाश विचारलं की आई, तुला चहा हवा आहे का. दोन्ही फोनांवर स्वच्छ ओळ उमटली. आईनं एकेक शब्द बोट ठेवून वाचला आणि म्हणाली, “हो. थोडासा.”

एवढं सरळ उत्तर घरात कित्येक महिन्यांत कुणाला मिळालं नव्हतं. मी झारा कढईत तसाच धरून उभी राहिले.

दोन्ही फोनांत या कामी काही फरक निघाला नाही, याचं दोघांनाही जरा वाईटच वाटलं असेल. सहज म्हणून माझा फोन बघितला. काच तडकलेला, जुना. त्यातही ती सोय निघाली. जाहिरातीत कळस दाखवतात, चंद्र दाखवतात, हे कुणी दाखवलं नव्हतं. भाऊ पुण्याला गेला आणि माझा तो फोन आईचा झाला.

मग घरातली मराठी बदलली. शाळेत मी पुस्तकी बोलतेच, आता घरीही तशीच बोलायला लागले. ज्यांनी जन्मात घरात ‘मले’ सोडून कधी ‘मला’ म्हटलं नाही, ते माझे यजमान वाकून फोनला म्हणायचे, आई, आपण जेवून घ्यावं. आई वाचायची आणि बँकेतला साहेब घरी आल्यासारखी त्यांच्याकडे बघायची. ओरडायचा त्रास गेला, पण हा नवा त्रास जिभेला होता. प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन घ्यायचं. संध्याकाळपर्यंत मी अगदी गळून जायचे.

एक दिवस शाळेतून येऊन बसले, तर आईनं फोन माझ्याकडे सरकवला.

“तुम्ही सगळे माह्याशी पाव्हण्यासारखे काऊन बोलून राह्यले?” तिनं विचारलं. “माहं काही चुकलं का?”

मी फोनला सांगितलं की फोनला आपली बोली समजत नाही, म्हणून आम्ही असं बोलतो. तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं.

“त्याले नसन समजत,” ती म्हणाली. “मले समजते. तू बोल तुह्या मनानं.”

मी म्हणाले, “आई, मले लय थकल्यासारखं झालं वं.”

फोनवर आलं, ‘आई मुले लय थकल्यासारखं झालं व.’ तिनं मुले या शब्दावर बोट ठेवलं. आधी विचारलं, शाळेतले पोरं थकले का. मी मान हलवली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “हां, मले,” ती म्हणाली, आणि उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

तेव्हापासून आम्ही आमचंच बोलतो. फोन चुकतो आणि आई त्याच्या चुका ओळखते. फुले म्हणजे तुले. खाऊन म्हणजे काऊन. सोनाळ्याहून मावशी आली होती. ती तर पाण्याच्या लोंढ्यासारखी बोलते. तिच्या ‘वावरात’चं फोननं ‘वापरात’ केलं, कपाशीच्या पऱ्हाटीचं काय केलं ते सांगता येणार नाही. तरी दुपारभर त्या दोघी बोलत बसल्या. आईची काही उत्तरं भलतीकडेच गेली. मावशीनं ती तशीच चालवून घेतली.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. नेट गेलं की अक्षरं थांबतात. चार माणसं एकदम बोलली की सगळ्यांचं मिळून एक वाक्य होतं. एका लग्नात गेलो तेव्हा तिनं थोडा वेळ वाचायचा प्रयत्न केला, मग फोन पिशवीत ठेवला आणि मांडीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. मीही तिच्या शेजारी बसले. बोलायचं त्राण मलाही नव्हतं.

परवा भावाचा फोन आला. नवीन फोन येतोय म्हणे, आधीच्याहून पातळ, त्यात अमुक आहे आणि तमुक आहे. त्याला वऱ्हाडी कळते का, एवढंच मी विचारलं. तो हसला नाही. बघून सांगतो म्हणाला. अजून त्यानं सांगितलेलं नाही आणि आम्ही पाव्हण्यासारखे काऊन बोलतो, हे आईनंही मला पुन्हा विचारलेलं नाही.