कार विकून मोटरसायकल

नवरा गेल्यावर तीन वर्षं मी त्याची कार चालवली. अकोल्याला बदली झाली तेव्हा जुन्या शहरात एक खोली घेतली. शनिवारी दुपारी अमरावतीच्या घरी जायचं, सोमवारी सकाळी परत. आम्हाला मूल नाही, त्यामुळे दोन्हीकडचं कुलूप मीच उघडायची.

खोलीच्या गल्लीत कार शिरत नसे. मोर्णा नदीच्या अलीकडे लावून पिशव्या उचलत चालत जायचं. लोकांना सांगायला ही अडचण सोपी होती. खरी अडचण वेगळी होती. काचा वर, एसी चालू, आणि सगळ्या वाटेत कुणाशी एक शब्द नाही. कधी मीच मोठ्यानं म्हणायची, "आता मूर्तिजापूर येईल." मग स्वतःचीच लाज वाटायची.

माझं माहेर अमरावतीजवळच्या वलगावचं, भाजीपाला पिकवणारं. लग्नाआधी वडिलांच्या मोटरसायकलवर वांग्यांची पोती बांधून मी बाजारात नेलेली. म्हणून एका रविवारी भावाकडे त्याची मोटरसायकल मागितली.

"ताई, दारात कार हाये अन् तू मोटरसायकलवर जाऊन राहिली? काहून वं? उन्हाळ्यात तं भाजून निघशीन."

"म्हनूनच नवी घ्यायच्या आधी तुही चालवून पायते ना."

दुसऱ्या दिवशी निघाले. हिवाळा होता. बडनेऱ्याच्या पुढे बोटं बधिर झाली. ट्रक शेजारून गेला की गाडी कडेला ढकलली जायची. कंबर भरून आली. मूर्तिजापूरला चहाला थांबले तेव्हा मनाशी ठरलंच होतं, आपली कार बरी.

टपरीजवळ एक म्हातारी पिशवी घेऊन उभी होती. माझ्याकडे आली.

"बाई, यष्टी थांबलीच नाही. बोरगावले सोडशीन का मले?"

"मावशी, मले डबलसीटची सवय नाही रायली आता."

"पडलो तं दोघी पडू," ती म्हणाली आणि बसलीसुद्धा.

तिनं एका हातानं माझा खांदा धरला, घट्ट. नवरा गेला तेव्हा भेटायला आलेल्या बायांनी हात हातात घेतले होते. त्यानंतर मला कुणी हात लावला नव्हता. हे मला त्या क्षणी कळलं. हेल्मेटच्या आत डोळे वाहत होते आणि पुसता येत नव्हते. ती मागून लेकीच्या बाळंतपणाचं काहीतरी सांगत होती, अर्धं वाऱ्यावर जात होतं. मी नुसती "हो, हो" करत राहिले.

बोरगावला उतरल्यावर तिनं लुगडं नीट केलं.

"घरी कोन कोन हाये?"

"मीच."

"बरं," म्हणाली, आणि मागे न पाहता गावाकडे वळली.

होळीच्या आधी कार विकून मोटरसायकल घेतली. भावाला कारण सांगितलं, पेट्रोल कमी लागतं आणि गल्लीत उभी राहते. तो नवी गाडी बघायला आला, एक चक्कर मारून ब्रेक कडक आहे म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

उन्हाचं त्याचं म्हणणं खरं निघालं. एप्रिल लागला आणि मी रेल्वेनं जायला लागले. ते मात्र मी त्याला अजून सांगितलेलं नाही.