मधली दोन मिनिटं

सगळी गल्ली तिला आत्या म्हणायची. ती क्लॅरिनेट वाजवायची, पण नक्की काय वाजवते, हे कुणाला सांगता यायचं नाही. संथ आलापातून ती लोकगीतात शिरे आणि भलत्याच नाचाच्या तालावर बाहेर पडे. "एक ना धड, भाराभर चिंध्या!" सख्खा भाऊच म्हणे.

रेडिओ केंद्रावर चाचणीत तीन विभागांच्या तीन परीक्षकांनी तिला तीन वर्षं नापास केलं. वाजवते झकास, पण आमच्यातली नव्हे, एवढंच त्यांचं पालुपद. चौथी संधी शेवटची होती. तेव्हाही तिघांनी माना हलवल्या, तशी आत्या उखडली.

"तुमचं शास्त्रीय संपून लोकगीतं सुरू होतात, त्याच्या मध्ये काय लावता हो?"

"दोन मिनिटं घड्याळाची टिकटिक," केंद्रप्रमुख बाई म्हणाल्या.

"मग तिथे मला बसवा. ऐकणाऱ्याला इथून उचलते, तिथे नेऊन सोडते."

बाई हसल्या आणि त्यांनी महिनाभर ती दोन मिनिटं तिला दिली.

पंधरवड्यात पत्रांचा ढीग पडला. कार्यक्रम राहू द्या, मधल्या वाजवणारीची वेळ कळवा! मग तिन्ही परीक्षक "ही आमचीच!" म्हणून हमरीतुमरीवर आले.

"भांडा खुशाल," आत्या म्हणाली. "मला अर्धा तास हवा."

तो तिला मिळाला. कार्यक्रमपत्रिकेत 'संगीतप्रकार' या रकान्यात काय लिहावं, यावर तिघांचं शेवटपर्यंत जमेना. अखेर बाईंनी तिथे आत्याचं नाव छापून टाकलं.