हाताचा वास

माझी मैत्रीण परदेशात समुद्रसिंहांच्या पिल्लांवर संशोधन करते. कुठली पिल्लं पहिलं वर्ष जगतात आणि कुठली दगावतात, हे शोधायचा तिला पगार मिळतो. मी पारनेर तालुक्यात ज्युनिअर कॉलेजात फळ्यावर बेडूक काढते. सरळच सांगते, माझा जळफळाट होतो.

कारण या अभ्यासाची सुरुवात आमच्या गोठ्यात झाली. बीएस्सीला असताना आम्ही दोघींनी आईच्या शेळ्यांची करडं वजनासाठी झोळीत घालून तानकाट्याला टांगली आणि महिनाभर कुठली तगतात ते वहीत लिहिलं. शेळ्या आमच्या, लेंड्या झाडल्या मी, आणि समुद्र मिळाला तिला!

गेल्या वर्षी तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे लाटा, अंगात लालभडक जाकीट, तोंड मात्र उतरलेलं. "वजन करून पिल्लू सोडलं की एखादी आई त्याला हुंगते आणि पाजतच नाही गं. उपाशी मरतात. काय करू?"

उत्तर मला ठाऊक होतं. आमच्या प्रकल्पात मी एकदा साबणाने हात धुऊन करडू उचललं होतं, तर शेळीने त्याला लाथाडलं. मैत्रीण त्या दिवशी आली नव्हती. मी म्हणाले, "तुमच्याकडे मोठमोठे शास्त्रज्ञ असतील, त्यांना विचार." बोलून मला बरं वाटलं, लपवत नाही.

आई शेजारी शेंगा फोडत होती. तिने मोबाईलच ओढून घेतला. "आगं, हाताला साबनाचा वास येतो. त्याची आई जिथं बसती, तिथली माती चोळ हाताला, मंग धर लेकराला. आमी तसंच करतो."

परवा मैत्रिणीचा अहवाल आला. हाताला तिथली वाळू चोळायला लागल्यापासून आया पिल्लांना झिडकारत नाहीत, असं त्यात होतं. शेवटी आभार. त्यात आईचं नाव, अगदी आडनावासकट. माझं मी दोनदा शोधलं. नव्हतं.

आई करडांना पाला टाकत होती. "काय धाडलंय तिनं?"

"पिल्लं जगली म्हणते."

"लई बरं झालं." मग पाला तसाच हातात धरून तिने विचारलं, "तुजं नाव घातलंय का गं त्यात? तू बी राबली हुतीस की."

"नाही."

"घालाय पायजे हुतं," आई म्हणाली, आणि दिवसभर माझ्यासाठी त्या पोरीवर चिडून राहिली. तिचं स्वतःचं नाव छापलंय, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.