तीन म्हटलं की हात

गोदाम कितीही झाडा, कोपऱ्यात धूळ उरतेच. आमच्या ग्रुपच्या किश्शांचं तसंच आहे. एक सांगून संपवावा तर त्याच्या खालून दुसरा निघतो. यातल्या निम्म्या किश्शांत मी घाबरलेला असतो आणि उरलेल्या निम्म्यांत जरा जास्त घाबरलेला असतो!

आमचा ग्रुप म्हणजे भिवंडीत ब्रेकडान्स करणारी पोरं. दिवसा कोणी कापडाच्या लूमवर, कोणी गोदामात, कोणी कॉलेजात. मी नितीन, राहणार कामतघर, पार्सलच्या एका गोदामात डिस्पॅचला आहे. गुडघा गेला आणि नाचणं सुटलं, तेव्हापासून मी बॅटलमध्ये जज म्हणून बसतो.

बॅटल म्हणजे दोघं समोरासमोर उभे राहून आळीपाळीने नाचतात. नाचून झालं की माइकवाला मोजतो, एक, दोन, तीन. तीन म्हटलं की तिन्ही जजनी एकदम हात लांब करून जिंकणाऱ्याकडे दाखवायचा. बरोबरी वाटली तर दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे आडवे धरायचे. मार्कांचा कागद नाही, कुजबुज नाही, शेजारच्याचा हात बघून आपला वळवणं नाही. आणि ज्याच्याकडे तुमचा हात गेला नाही, तो तुमच्यासमोर घामाघूम उभा असतो. त्याचे मित्र त्याच्या मागे असतात. 'हात दाखवून अवलक्षण' ही म्हण ज्याने काढली, तो नक्की कुठेतरी जज म्हणून बसला असणार.

*

पहिल्यांदा मी हात दाखवला तो खारबावला. एका मंडळाने आपल्या कार्यक्रमात हौसेने बॅटल ठेवली होती. गावात निवडणूक तोंडावर आलेली, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तीन म्हटलं, मी हात लांब केला. पोरगा बरोबर निवडला होता. फक्त त्या पोराच्या मागे निवडणुकीला उभे राहू पाहणारे एक गृहस्थ हात जोडून थांबले होते, आणि दुसऱ्या पोराच्या मागे त्यांचे विरोधक. माझा हात गेला तशी त्या गृहस्थांच्या माणसांनी फटाक्यांची माळच लावली. विरोधकांची माणसं थेट माझ्या खुर्चीभोवती.

माझी पाचावर धारण बसली. त्यातले एक काका म्हणाले, "तू कोन आमच्या गावात कौल देनारा?" मी म्हटलं, काका, मी नाचाचा निकाल दिला.

"नाचाचा हाय तर तोंडानं सांग. हात दाखवू नको. हाताला लय अर्थ असतात."

तेव्हापासून खुर्चीत बसण्याआधी मी समोर कोण कोण उभं आहे ते बघतो. मग बाहेर जायचं दार कुठे आहे ते बघतो.

*

माझी आई भोळी. तिने दिघाशीला माहेरी सांगून टाकलं, नितीन जज झाला. डान्सचा, हे सांगायला ती विसरली.

पुढच्या रविवारी तिचे चुलतभाऊ, म्हणजे माझे रामा मामा, बांधाच्या भांडणाचे कागद पिशवीत घालून दारात हजर. मी जेवत होतो. ते आदराने खालीच बसले आणि मला 'साहेब' म्हणाले. मामांचा राग सगळ्या खानदानात प्रसिद्ध आहे, आणि खरं काय ते आता मलाच त्यांना सांगावं लागणार होतं.

चाचरत चाचरत सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, दोन्ही बाजू ऐकून निकाल देतोस का? मी म्हटलं, ऐकून नाही, बघून देतो. साक्षीदार असतात का? म्हटलं, सगळं पब्लिकच साक्षीदार असतं. आणि निकाल कधी लागतो?

मी म्हटलं, "लगेच. तीन म्हटलं की."

मामांनी पिशवी उचलली. "मंग तू जज न्हाय," म्हणाले आणि जेवायलासुद्धा थांबले नाहीत.

*

आमच्याबरोबर कल्याणचा सचिन जज असतो. माणूस जाणकार, स्वतः उत्तम नाचलेला, पण हात दाखवायची वेळ आली की दोन्ही हात आडवे. बरोबरी! कुठेही बोलवा, कोणालाही नाचवा, सचिनच्या मते बरोबरी. पोरांनी त्याचं नाव फाटक ठेवलं. माइकवाला 'दोन' म्हणाला की मागून कोणीतरी हमखास ओरडतं, गाडी येतेय, फाटक पडतंय.

तो भित्रा आहे असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? एकदा मीच त्याला विचारलं, अरे तुला खरंच कोणी सरस वाटत नाही का? तो म्हणाला, वाटतं की. प्रत्येक वेळी वाटतं.

"मग?"

"मग बाहेर लावलेली बाईक आठवते."

*

अस्लम आमच्यातला सगळ्यात चांगला नाचणारा. त्याचे अब्बा लूमवर जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले लूम लावून देणारे, आणि तो स्वतः दिवसपाळीला लूम चालवतो. लूमच्या खडखडाटात त्याला ताल सापडतो, असं तो म्हणतो. मला त्यात फक्त डोकेदुखी सापडते.

एकदा प्रॅक्टिसला तो डोक्यावर गरगर फिरत होता. मान वाकडी झाली, आडवा पडला आणि हललाच नाही. स्पीकर चालू, आम्ही सगळे जागच्या जागी. मान मोडली तर काय होतं हे आम्ही सगळ्यांनी मोबाईलवर बघितलेलं होतं. मला त्याच्याजवळ जायचं होतं, पण गेलो नाही. हाक मारली आणि त्याने ओ दिली नाही तर काय, याचीच भीती.

नेमके तेव्हाच त्याचे अब्बा त्याला शोधत आले. पोरगा जमिनीवर पडलेला बघितला, त्यांना वाटलं फिट आली. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या नाकाला लावली. अस्लमने डोळे उघडले.

"तार टूटा था, अब्बा. जोड रहा था. चप्पल हटाओ."

आडवा पडल्या पडल्या तो पुढचं मनातल्या मनात नाचत होता म्हणे! लूमवर धागा तुटला की तार तुटली म्हणतात. तार जोडायची आणि पुढे चालायचं. तेव्हापासून आमच्यात तोच शब्द रूढ झाला. नाचताना कोणी चुकला की आम्ही चुकला म्हणत नाही, तार तुटली म्हणतो. तुटण्याचं कोणी मनावर घेत नाही. जोडली कशी, ते सगळे बघतात.

*

आता दादांबद्दल सांगायला हवं. भूषण आमच्याच ग्रुपमधला, दादा पाटील त्याचे वडील. कधीकाळी घरचे लूम होते, आता जमिनीवर गोदामं उभी आहेत. त्यातलं एक जुनं गोदाम त्यांनी आम्हाला प्रॅक्टिसला दिलं. त्याची फरशी आरशासारखी. आधी आम्ही चाळीच्या गच्चीवर नाचायचो, तिथे तुटक्या लादीने निम्म्या पोरांचे कोपर फाटले होते. ती फरशी गेली असती तर आमचा ग्रुप मोडला असता, इतकं सरळ होतं ते. गोदामाची चावी माझ्याकडे असायची.

दादा कधी आवाज चढवत नाहीत. त्यामुळेच त्यांची जास्त भीती वाटते. एकदा ते प्रॅक्टिसला आले, खुर्ची मागवली, बसले आणि विचारलं, आमचा भूषण कसा नाचतो? सगळे एका सुरात म्हणाले, चांगला नाचतो. दादांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

"घाबरून बोलनारी मानसं माझ्याकडं पुष्कळ हायत," म्हणाले. "अजून नको."

दादा गेल्यावरही आम्ही बराच वेळ हळू आवाजात बोलत होतो.

पुढे त्याच गोदामात आमची वर्षाची मोठी बॅटल ठरली. आदल्या दिवशी दादांनी मला बोलावून घेतलं. ओट्यावर सुपारी कातरत होते. बॅटलला मीही येतो म्हणाले. मी निघालो, चप्पल घातली, तेव्हा मागून शब्द आले.

"नित्या, निकाल जरा बघून दे हां."

घरी येईपर्यंत मी त्या 'बघून'चा अर्थ लावत होतो. बघून दे म्हणजे नीट डोळे उघडे ठेवून दे, की कोणाचा पोरगा आहे ते बघून दे? आईला विचारलं तर ती म्हणाली, दोन्ही असेल. तेवढ्याने माझी झोप उडाली.

*

व्हायचं तेच झालं. फायनलला अस्लम आणि भूषण. पुढच्या रांगेत मधोमध दादा. अस्लमच्या मागे कामतघरची लूमवरची सगळी पोरं, दंड थोपटत उभी. जज तिघं. मी, फाटक, आणि ठाण्याची रेश्मा, जिला यातलं कोणीही ओळखीचं नव्हतं. मला तिचा हेवा वाटला.

दोघंही जीव ओतून नाचले. भूषण खरंच चांगला नाचतो, हे मी दादांना घाबरून म्हणत नाही. पण मला अस्लम कणभर पुढे वाटला. माइकवाला मोजू लागला. हात खुर्चीखाली लपवावा असं वाटलं. अस्लमकडे न्यावा तर फरशी जाते. भूषणकडे न्यावा तर ज्या पोरांना मी नाचायला शिकवलं, त्यांना पुन्हा तोंड कसं दाखवायचं?

तीन.

माझा हात अस्लमकडे. रेश्माचा भूषणकडे. आणि मधे फाटक! एक, एक आणि बरोबरी, म्हणजे दोघांना पुन्हा नाचवायचं. माझा हात सगळ्या गावाने बघितला होता आणि तोच हात मला परत दाखवायचा होता. एकदा चुकून हात गेला म्हणता येतं, दुसऱ्यांदा माणूस पुरता सापडतो. दादांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. तिचे पाय फरशीवर करकरले, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पुन्हा नाचताना दोघांचीही तार तुटली. अस्लम हातावरून घसरून पाठीवर आदळला आणि त्याच पाठीवर गिरकी घेत पुढे गेला, जणू आदळणं ठरलेलंच होतं. भूषणचा पाय सरकला, तो गुडघ्यावर आला. लगेच उठला, पुढचं सगळं न चुकता केलं. पण मधे एक क्षण थांबला होता. मी तो क्षण बघितला.

तीन. माझा हात अस्लमकडे. रेश्माचाही अस्लमकडे. फाटकाचे हात वर आले, आडवे व्हायला लागले, मधेच थांबले आणि त्यातला एक हळूच अस्लमच्या बाजूला पडला. आयुष्यात पहिल्यांदा फाटक उघडलं होतं! कामतघरच्या पोरांनी अस्लमला उचललं. दादा उठले आणि कोणाकडेही न बघता निघून गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच चावी घेऊन त्यांच्याकडे गेलो. माणूस पाठवून मागवण्याआधी आपण दिलेली बरी. वाटेतून दोनदा परत फिरलो.

दादा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी चावी त्यांच्यापुढे ठेवली.

"ही कशाला?"

"तुम्ही म्हणाला होतात, बघून दे. मी बघून दिला."

"मंग काय बघितलंस ते सांग."

आलोच होतो, म्हटलं सांगून टाकावं. "दोघंही पडले, दादा. अस्लम पडला आणि तिथूनच पुढे गेला. भूषण पडला आणि त्याने आधी तुमच्याकडे बघितलं."

दादांचा अडकित्ता थांबला. घरात कुठेतरी भांडं वाजलं. आता उठतील आणि कानाखाली देतील, असं वाटून मी एक पायरी खाली उतरलो.

"व्हय," ते म्हणाले. "माझ्याकडंच बघितलं." मग चावी त्यांनी माझ्याकडे सरकवली. "मी पन लूम चालवलेत, नित्या. तार तुटली की मानूस तारेकडं बघतो. मालकाकडं बघत बसला की कापडात डाग ऱ्हातो." पुढे आवाज आणखी खाली आला. "निकाल बरोबर होता."

मी चावी खिशात टाकतोय, तोवर भूषणची आई, म्हणजे काकी, चहा घेऊन बाहेर आली. कप एकच होता, दादांचा. माझ्याकडे तिने असं बघितलं की मी आणखी एक पायरी उतरलो. मग पदर खोचून ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"काय बरोबर होतं? काल माझ्या पोराला हरवलं ते? मला पन कळू दे. तुमच्या त्या रीतीनंच सांगा, हात दाखवून. ए नित्या, मोज."

मी दादांकडे बघितलं. दादांनी काकीकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"मोज म्हनलं ना," काकी म्हणाली.

मी मोजलं. एक. दोन. तीन.

दादांनी अडकित्ता खाली ठेवला, दोन्ही हात वर केले आणि छातीसमोर आडवे धरले.