जिवंत माणसाचं पान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला अर्धंमुर्धं माहीत आहे, नवऱ्याला काहीच नाही — आणि तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही.

आई-बाबांचा घटस्फोट झाला तेव्हा मी आठवीत होते. बाबा भिवापूरला परत गेला. तिथे त्याची मिरची दळायची चक्की. आम्ही दोघी शहरालगतच्या वाडीत भाड्याच्या खोलीत. आई एका गोदामात पॅकिंग करायची. बाबा पैसे द्यायचा, पण धंदा चालेल तसे. फार्मसीला माझा नंबर लागला, तेव्हा आईच्या पगारात फी बसत नव्हती आणि बाबाच्या भरवशावर — कोण राहणार?

वर्गातल्या एकीनं एका ट्रस्टबद्दल सांगितलं. वडील नसलेल्या मुलींची फी ते भरत. तो चालवणारे आप्पाजी म्हातारे, भोळे. कागद मागत नसत. "वडील?" त्यांनी विचारलं. "वारले," मी म्हणाले. जीभ अडखळली नाही. लाज वाटायला हवी होती ना? मला तर बरं वाटलं. आम्हाला सोडून गेला म्हणून त्याच्यावर राग होता, तो असा निघाला.

पण त्या ट्रस्टची एक रीत होती. सर्वपित्री अमावास्येला प्रत्येकीनं वडिलांचा फोटो आणून खालच्या हॉलमध्ये ठेवायचा, हार घालायचा, आणि त्यांच्या नावानं पान वाढून गच्चीवर ठेवायचं. माझ्याकडे त्याचा एकट्याचा फोटो नव्हता. माझ्या वाढदिवसाच्या जुन्या फोटोतून कापून काढला — त्याच्या खांद्यावर माझी चार बोटं राहून गेली. हार घालताना ती मी झेंडूखाली दडवली.

गच्चीवर पानं ओळीनं मांडली. खीर, वडे, कढी. कावळे आले, एकेक पान शिवत गेले. माझ्या पानापाशी यायचे, मान वाकडी करून माझ्याकडे बघायचे — पानाकडे नाही, माझ्याकडे — आणि उडून जायचे. ऊन चढलं. बाकीच्या मुली खाली जेवायला गेल्या. माझं पान तसंच. कावळ्यांना कळलं होतं का?

"काही इच्छा राहून गेली असन त्यांची," आप्पाजी म्हणाले. "शब्द दे वं पोरी."

मी हात जोडले. शिक्षण पूर्ण करीन म्हणाले, आईला सांभाळीन म्हणाले. एकही कावळा जागचा हलेना.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. बाबा. फोटोतल्यापेक्षा कितीतरी वाळलेला, पांढरी दाढी वाढलेली, हातात तिखटाची पिशवी. वाडीला जाऊन आला होता. घरमालकिणीनं इथला पत्ता दिला. खालच्या हॉलमधून वर आला, म्हणजे स्वतःच्या फोटोवरचा हार त्यानं बघितला होता.

"हे कोण?" आप्पाजींनी मला विचारलं.

बाबा माझ्याकडे बघत होता. मीही बघितलं. आणि म्हणाले, "बाबांच्या गावचे आहेत."

माझा गुन्हा तो हा. आधीचं खोटं कॉलेजसाठी होतं, असं म्हणता तरी येईल — पण हे? तो समोर उभा होता.

"हो, ओळखत होतो मी तिच्या बापाले," बाबा म्हणाला.

"मग तुम्हीच समजवा त्यांना," आप्पाजी म्हणाले.

बाबानं चपला काढल्या. स्वतःच्याच पानासमोर बसला, हात जोडले. "जाय गा आता," तो हळूच म्हणाला. "पोरीपाशी येऊ नको. तिचं चांगलं होऊन राहिलं."

एक कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला.

बाबा पिशवी कठड्यावर ठेवून निघाला. मी जिन्यापर्यंतही गेले नाही. पिशवीत तिखटाखाली फीचे पैसे होते. ते मी ठेवून घेतले, आणि ट्रस्टकडूनही फी घेत राहिले.

त्यानंतर तो कधी आला नाही. फोनही नाही. मीही केला नाही. लग्न ठरलं तेव्हा सासरी वडील वारले असंच सांगितलं. आता मुलगी बोलायला लागलीय. आजोबा कुठे आहेत विचारलं की ती आभाळाकडे बोट दाखवते. मीच शिकवलंय.

बाबा भिवापुरात आहे. चक्की सुरू आहे त्याची.